उजवीकडची हवा

"घेऊ का?" चौगुले सरांनी विचारलं.

आमच्या थिएटरातली ही रीत होती. सर्जनने सुरी हातात घ्यायची आणि पडद्यापलीकडे न बघताच "घेऊ का?" म्हणायचं, अलीकडून भूल देणाऱ्याने "घ्या सर" म्हणायचं. लग्नात 'सावधान' म्हणतात तेव्हा कोण खरंच सावध होतं? तसाच हा प्रश्न. पाच वर्षं मी त्या थिएटरात काढली होती, आधी शिकाऊ म्हणून, मग हंगामी लेक्चरर म्हणून, आणि या प्रश्नाला दुसरं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं.

"नका घेऊ, सर," मी म्हटलं.

शालन सिस्टर हत्यारांच्या ट्रॉलीवर वाकल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. सरांनी मान वर केली. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, पण तेवढे पुरे होते.

"काय म्हणालात, टोणपे?"

"उजवीकडे हवा जातेय. नळी सरकली आहे. मला पाच मिनिटं द्या."

टेबलावर ठकूबाई लवटे होती. माणदेशातली मेंढपाळीण, वय अडतीस, अंगाने काटकुळी. उजव्या फुप्फुसात नारळाएवढी पाण्याची गाठ. मेंढ्यांमागे फिरणाऱ्या कुत्र्यांच्या पोटात एक जंत असतो, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की अशी गाठ धरते आणि वर्षानुवर्षं वाढत राहते. सकाळी तिला आत घेताना तिने माझा हात धरला होता आणि विचारलं होतं, "बाय, पंधरा दिसात उठून बसंन का? कोकरं यायची हायत. मालकाला एकट्याला न्हाय जमायचं." मी म्हटलं होतं, बसशील. डॉक्टर लोक असं बोलतात. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आता त्या गाठीचं भय काय असतं ते सांगते. ती फुटली तर आतलं पाणी श्वासनळीत येतं. छातीचं ऑपरेशन करताना माणूस कुशीवर असतो; आजारी बाजू वर, चांगली बाजू खाली. पाणी कुठे जाणार? उताराला. म्हणजे थेट चांगल्या फुप्फुसात. माणूस कोरड्या टेबलावर बुडून मरतो, आणि त्याला दोन-तीन मिनिटं पुरतात.

म्हणून दुहेरी नळी. एकाच नळीत शेजारी शेजारी दोन वाटा. एक वाट लांब, ती पार डाव्या फुप्फुसाच्या फाट्यात जाऊन बसते. दुसरी आखूड, तिचं तोंड फाट्याच्या वर उघडतं, ती उजव्या बाजूची. लांब वाटेच्या टोकाला एक छोटा निळा फुगा असतो. तो नेमक्या जागी फुगला की डावं फुप्फुस बंद खोलीसारखं होतं. उजवीकडे काय हवा तो गोंधळ होऊ दे, डावीकडे थेंब जाणार नाही. मग उजवी वाट बंद करायची, आजारी फुप्फुस झोपवायचं आणि एकट्या डाव्यावर बाईचा श्वास चालवायचा.

सगळा खेळ त्या निळ्या फुग्याचा. तो दीड सेंटीमीटर वर सरकला तरी संपलं. आणि नळी सरकते कधी? माणूस उताण्याचा कुशीवर केला की. ठकूबाई उताणी होती तेव्हा मी स्टेथोस्कोप लावून सगळं तपासलं होतं, चोख होतं. मग चौघांनी मिळून तिला डाव्या कुशीवर घेतलं, डोक्याखाली चादरीची घडी सरकवायला कोणीतरी मान उचलली, आणि तेवढ्यात सरांनी पाठीला आयोडिन लावून हिरवे कपडे अंथरलेसुद्धा. कूस बदलल्यावर पुन्हा ऐकायचं असतं हे पुस्तकात असतं. आमच्याकडे त्याला वेळ नसायचा. मी डोक्याच्या बाजूने कपड्याखाली हात घालून काखेत स्टेथोस्कोप टेकवला. उजवी वाट बंद होती, तिथे काही ऐकू यायला नको होतं. प्रत्येक श्वासाला बारीक सूं येत होता.

आजकाल नळीत दुर्बीण घालून पडद्यावर सगळं दिसतं. त्या काळी आमच्या रुग्णालयात तसली बारीक दुर्बीण नव्हती. होते ते दोन कान.

"थोडीफार हवा जातेच," चौगुले सर म्हणाले. "फुप्फुस मी हाताने दाबून धरतो. आयुष्य गेलं माझं यात."

"गाठ फुटली तर, सर?"

"माझ्या हातात गाठ फुटत नाही."

हे मात्र बऱ्याच अंशी खरं होतं. सरांचा हात सोन्याचा होता, तोंड मात्र कारल्याचं. आणि माझी कायम नेमणूक ज्या समितीपुढे पडून होती, तिचे ते सदस्य होते. पाण्यात राहून माशाशी वैर धरू नये, हे मला आईने पाळण्यात शिकवलं असणार. पण मी नळीवरचा हात काढला नाही.

"मी भूल दिली आहे, सर. मी 'घ्या' म्हटल्याशिवाय तुम्हाला सुरी लावता येणार नाही."

"पेंढारकर बाईंना बोलवा," ते सिस्टरना म्हणाले.

पेंढारकर बाई आमच्या विभागप्रमुख. पांढऱ्याशुभ्र केसांचा अंबाडा, बारीक काठाची साडी, बोलणं मोजकं. मला नळी कशी धरायची इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं. त्या आल्या, मी सांगितलेलं ऐकून घेतलं, कपड्याखाली स्टेथोस्कोप घातला. मी श्वास देणारी रबरी पिशवी दाबली. एकदा, दोनदा, तीनदा. बाईंची नजर ठकूबाईच्या छातीवर होती.

"स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "काही ऐकू येत नाही."

"बाई, पुन्हा एकदा..."

"शशी. ऐकलं मी."

"झालं समाधान?" चौगुले सर म्हणाले. "घेऊ का?"

मला आता खोटं नाही बोलायचं. त्या क्षणी मी डगमगले. बाईंचा शब्द मी कधी मोडला नव्हता. त्यांना ऐकू आलं नाही म्हणजे मलाच भास झाला असेल का? मी पुन्हा स्टेथोस्कोप कानाला लावला. सूं होताच.

"नाही," मी म्हटलं. "जानेवारीत पिसाळांना आपण असंच घेतलं होतं."

पिसाळ हे नाव त्या थिएटरात तीन महिने कोणी काढलं नव्हतं. दिनकर पिसाळ, एसटीचे कंडक्टर, बेचाळीस वर्षांचे. फुप्फुसात पुवाचं मोठं गळू. दुहेरी नळी घातलेली, कुशीवर घेतलेलं, सरांनी विचारलेलं, बाईंनी "घ्या" म्हटलेलं. गळू फुटलं, पू दुसऱ्या फुप्फुसात उतरला आणि टेबलावरच सगळं आटोपलं. नंतरच्या बैठकीत कागदावर आलं की नळी योग्य जागी होती, गळू अनपेक्षितपणे फुटलं. मी त्या दिवशी बाईंच्या हाताखाली होते.

"पिसाळांचं नशीब," चौगुले सर म्हणाले. आता ते खरंच तापले होते. "आणि हे बघा, टोणपे, तुमच्या वडिलांच्या सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक तासभर बसून राहत असेल. इथे माझी पुढची केस बाहेर उपाशी झोपली आहे."

माझ्या वडिलांचं विट्याच्या स्टँडजवळ सायकलींचं दुकान होतं, हे खरं. माझं शिक्षण पंक्चरं काढून झालंय आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही. पण राग आला. रागाने माझं डोकं चालतं, हा माझा जुना गुण म्हणा, दुर्गुण म्हणा.

"बरी आठवण केलीत, सर," मी म्हटलं. "सिस्टर, वाडगाभर सलाईन द्या मला. आणि हातभर नळी."

"कशाला?"

"पंक्चर बघायला."

शालन सिस्टरनी सरांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि वाडगा माझ्या हातात दिला. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

मी उजव्या वाटेचं वरचं टोक मोकळं केलं, त्याला ती रबरी नळी जोडली आणि तिचं तोंड पाण्यात बुडवलं. डावी वाट पिशवीला जोडलेली होती. निळा फुगा नीट बसला असेल तर मी कितीही हवा दाबली तरी ती डाव्या फुप्फुसातच राहणार. गळत असेल तर फुग्याच्या बाजूने वर येणार, उजव्या वाटेत शिरणार आणि पाण्यात दिसणार. हाताच्या कांकणाला आरसा कशाला?

पाण्यात लगेच बुडबुडे आले.

"हे धरायचे नाहीत," मी म्हटलं. "उजव्या फुप्फुसात राहिलेली हवा आहे ती. निघून जाईल."

बुडबुडे कमी होत गेले. मग एक. मग थांबले. पाणी अगदी शांत झालं.

"बघा," चौगुले सर म्हणाले. "थांबले."

मी पिशवी दाबली. पाण्यात चार बुडबुडे वर आले. सोडली, थांबले. पुन्हा दाबली, पुन्हा चार. सात वेळा दाबली, सातही वेळा आले. थिएटरात सगळे त्या वाडग्यात वाकून बघत होते. विट्याच्या दुकानात गिऱ्हाईक असंच घमेल्यात वाकायचं.

चौगुले सरांनी सुरी ट्रेमध्ये ठेवली आणि हातमोजे घातलेले हात छातीशी धरून ते मागे सरकले. "करा," एवढंच म्हणाले.

मी पेंढारकर बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. त्या वाडग्याकडे बघत होत्या आणि बुडबुडे थांबल्यावरही बघतच राहिल्या. मला वाटलं, मी त्यांचा चारचौघांत अपमान केला. वाईट वाटलं, पण त्याला माझा इलाज नव्हता.

निळ्या फुग्यातली आणि त्याच्या वर श्वासनळीत बसणाऱ्या दुसऱ्या फुग्यातली हवा काढली, नळी दीड सेंटीमीटर आत सारली, फुगे पुन्हा भरले. फार आत जाऊनही चालत नाही, डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग बंद पडतो. म्हणून गळपट्टीच्या हाडाखाली ऐकलं. हवा जात होती. काखेत ऐकलं. काही नाही. वाडगा पुन्हा लावला आणि पिशवी दहा वेळा दाबली. एक बुडबुडा आला नाही.

"घ्या, सर," मी म्हटलं.

त्यांनी घेतलं. छाती उघडली, उजवं फुप्फुस हळूहळू चिपाडासारखं खाली बसलं आणि गाठ वर आली, पांढरी, ताणलेली. पाऊण तास सर त्या गाठीभोवती इतक्या नाजूकपणे फिरत होते की मला त्यांचा राग धरून ठेवता येईना. आणि मग, सुटता सुटता, ती फुटली. त्यांच्या हातात फुटली.

वरून थोडं पाणी छातीत सांडलं, ते त्यांनी ओढून घेतलं. पण गाठ आतून श्वासनलिकेतही उघडली होती. माझ्या उजव्या वाटेतून पाणी भसाभसा वर आलं, मागोमाग पातळ पांढऱ्या सालीचे तुकडे. मी नळीत सक्शन घातलं आणि ओढत राहिले. बाटलीत अर्धा लिटर जमलं असेल.

"ऑक्सिजन?" सरांनी विचारलं.

"शहाण्णव."

"आता?"

"त्र्याण्णव. ओढतेय."

"टोणपे, आता?"

"एक्याण्णव. आणि डावं फुप्फुस कोरडं आहे, सर. तुम्ही तुमचं काम करा."

एक्याण्णवच्या खाली तो आकडा गेला नाही. थोड्या वेळाने पंच्याण्णववर येऊन बसला. सरांनी गाठ काढली, भोकं शिवली, छाती बंद केली. जाताना ते माझ्या पडद्याजवळ थांबले. माफी मागायची सवय नव्हती त्यांना. त्यांनी तो वाडगा उचलून बघितला आणि खाली ठेवला. "पुढच्या केसलाही हे लावा," म्हणाले.

दुपारी तीनच्या सुमाराला ठकूबाईने डोळे उघडले. नळी काढल्यावर घोगऱ्या आवाजात पहिलं काय विचारलं असेल? "मालक जेवला का?" बाहेर जाऊन बघितलं तर तिचा नवरा बिरू भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, जेवला नव्हता. मी त्याला सांगितलं, तुझी बायको वाचली, जा, काहीतरी खा. तो उठला, दोन पावलं गेला, परत आला आणि डोक्यावरचं पागोटं काढून नुसता उभा राहिला. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी आत निघून गेले.

डॉक्टरांच्या खोलीत पेंढारकर बाई एकट्याच होत्या. समोरचा चहा सायीने झाकला होता.

"दार लाव," त्या म्हणाल्या.

मी लावलं. म्हटलं, "बाई, मला तुमचा अवमान करायचा नव्हता. मला ऐकू आलं म्हणून..."

"पिसाळांच्या वेळी तू माझ्या शेजारी होतीस," त्यांनी मला मध्येच तोडलं. "तू पण ऐकलं होतंस. काखेत स्टेथोस्कोप लावून."

"हो."

"तेव्हा तुला ऐकू आलं होतं का?"

हा प्रश्न मला कोणी विचारेल म्हणून मी तीन महिने झोपले नव्हते. आणि कोणी विचारत नाही म्हणूनही. मला सांगता आलं असतं की आठवत नाही. शंका होती, खात्री नव्हती, असंही म्हणता आलं असतं. बैठकीत मी तसंच गप्प बसून सांगितलं होतं.

"आलं होतं," मी म्हटलं. "अगदी असंच. बारीक."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही 'घ्या' म्हणालात. मला वाटलं, बाईंना ऐकू येत नाही म्हणजे नसणारच."

बाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही, शशी. दोन वर्षं झाली. बोललेलं कळतं, निम्मं ओठांवरून. बारीक आवाज अजिबात येत नाही. स्टेथोस्कोप लावते आणि छाती हलतेय की नाही ते बघते. वाटलं होतं, अनुभवावर निभावून नेईन. निवृत्तीला आता दीडच वर्ष राहिलंय." त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "आज त्या पाण्यात बघितलं तेव्हा कळलं, पिसाळांच्या वेळीही हवा अशीच गळत असणार. मला बघायचं असतं तर तेव्हाही दिसलं असतं. मी बघितलंच नाही."

मला त्यांची कीव आली, आणि संतापही आला. दोन्ही एकदम आले आणि दोन्ही माझ्यावरच उलटले. त्यांचे कान गेले होते. माझे तर शाबूत होते.

बाईंनी खणातून कोरा कागद काढला आणि अधिष्ठात्यांना पत्र लिहायला घेतलं. प्रत श्रीमती पिसाळांना, असं वरतीच लिहिलं. नळी योग्य जागी नव्हती. कूस बदलल्यावर तपासणी झाली नाही, झाल्याचं मी भासवलं. मला ऐकू येत नाही. यापुढे मी थिएटरात काम करणार नाही. वळणदार अक्षर, एक खाडाखोड नाही. मी शेजारी उभी राहून वाचत होते.

त्या पत्राचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. चौकशी बसली, चौगुले सरांनी तिथे खरं ते सांगितलं, हे त्यांच्या नावे जमा. पिसाळांच्या बायकोने आमच्या तोंडावर जे सांगायचं ते सांगितलं, आणि ते ऐकणं आमच्या वाट्याला यायलाच हवं होतं. माझी कायम नेमणूक चार वर्षं लांबली. पण ते सगळं नंतर. त्या दुपारी एवढंच माहीत होतं की ठकूबाई श्वास घेतेय आणि पिसाळ घेत नाहीत.

बाईंनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि ते पर्समध्ये ठेवायला लागल्या.

"मलाही सही करायची आहे," मी म्हटलं.

त्या कागदाची घडी घालत होत्या. वर बघितलं नाही.

"बाई, मलाही..."

"तुझं नाव यात नको," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "तुझ्यापुढे सगळी नोकरी पडली आहे. तुला कोणी विचारलेलं नाही."

"तुम्ही विचारलंत."

त्यांनी पर्सची चेन लावली. ऐकू आलं नाही की येऊ दिलं नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. मी टेबलाला वळसा घालून त्यांच्या समोर गेले, खाली वाकले, माझे ओठ त्यांना नीट दिसतील अशी.

"पेन द्या," मी म्हटलं.